ठरवलेलं तडीस कसं न्यायचं: नोकरी आणि लोकल सांभाळून नवं शिकणाऱ्यांसाठी

यंदा मोडी लिपी शिकायचीच. यंदा पोहणं शिकायचंच. पाडव्याला अशी वाक्यं घरोघरी ऐकू येतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत त्यांचं नावही निघत नाही. मग दोष इच्छाशक्तीच्या माथी मारला जातो. बहुतेक वेळा तो तिचा नसतो. पहिलं पाऊल कधी, कुठे बसून आणि हातात काय घेऊन टाकायचं हे ठरलेलंच नसतं. शिवाय गाडी अडली की नेमकं काय अडलं हे ओळखण्याची सवय नसते, त्यामुळे दुरुस्तीही चुकीच्या जागी होते.

शेवटपर्यंत एकच उदाहरण धरू. तुम्ही डोंबिवलीला राहता, नोकरी लोअर परळला, आणि घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले, म्हणजे मराठीच्या जुन्या जोडून लिहायच्या लिपीतले कागद पडून आहेत. ते स्वतः वाचायचे आहेत. मोडी घेण्याचं कारण असं की ती आली की नाही हे चटकन तपासता येतं. ओळ वाचता येते किंवा येत नाही, मध्ये लपायला जागा नाही. पद्धत मात्र तबल्याला, हिशोबाला किंवा पोहण्याला तीच लागते.

पहिला आठवडा: नुसती नोंद

या आठवड्यात नवं काहीही सुरू करू नका. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. नोंदीसाठी फोन नको, कारण नोंद करायला फोन उघडला की व्हॉट्सॲप उघडतं आणि नोंद राहते बाजूला. दिवसातून चारदा एकेक ओळ लिहायची: गाडीत चढल्यावर, जेवणाच्या सुट्टीत, घरी पोचल्यावर आणि झोपण्याआधी. ओळीत तीनच गोष्टी. वाजले किती? हात मोकळे आहेत का? डोकं किती ताजं आहे, १ ते ५?

मुंबईत दुसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. 'प्रवासात रोज तीन तास मिळतात, त्यात शिकेन' असं बोलणारे खूप भेटतात, पण त्या तीन तासांचे प्रकार वेगवेगळे असतात. सकाळच्या फास्टमध्ये बॅग पुढे घेऊन, एक हात वरच्या कडीत अडकवून उभं असताना वही निघत नाही. कान आणि तोंड तेवढे मोकळे असतात. चौथी सीट (तिघांच्या बाकावरची दाटीची जागा) मिळाली तर एका हाताचं काम होतं. दादरला उतरून करी रोडसाठी (लोअर परळजवळचं स्टेशन) स्लो पकडायची तर त्या मधल्या वेळात काहीच करायचं नसतं, पायाखाली बघायचं असतं. परतीला खिडकी मिळाली तरी ताजेपणाचा आकडा बहुधा २ असतो.

सात दिवसांनी वही उघडली की तीन ढीग पडतात:

- हात मोकळे आणि डोकं ताजं. ही वेळ दिवसाला २० ते ३० मिनिटांपेक्षा जास्त क्वचितच निघते. नवं आणि अवघड ते इथेच.
- हात अडकलेले, डोकं ठीक. पाठांतर, उजळणी, ऐकणं.
- हात मोकळे, डोकं थकलेलं. वही आखणं, उद्याचा उतारा काढून ठेवणं.

पहिल्या ढिगातला वेळ बघून वाईट वाटतं. वाटू द्या, पण आकडा फुगवू नका. कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणसं नेहमीच कमी करतात, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. आधी तेच काम किती वेळात झालं होतं हे ठाऊक असूनही अंदाज चुकतो. म्हणून पहिल्या महिन्यात मनात आलेल्या वेळेची दुप्पट धरा.

इराद्याचं काम करा

'मोडी शिकायची' हा इरादा झाला, काम नव्हे. कसोटी सोपी आहे. शेजारी बसलेल्या माणसाला नुसतं बघून 'झालं' किंवा 'नाही झालं' असं सांगता आलं पाहिजे. त्या कसोटीवर वाक्य असं होतं: 'तीन महिन्यांनी, सरावाच्या छापील संग्रहातलं मी आधी न पाहिलेलं दहा ओळींचं पत्र, ४५ मिनिटांत देवनागरीत उतरवेन; दर दहा अक्षरांमागे एकापेक्षा जास्त चूक नसेल.' वाचायला रुक्ष वाटतं, पण या वाक्यात पळवाट नाही.

त्याच्याखाली हे का करायचंय ते एका ओळीत लिहा. ती ओळ तुमच्या घरातली असावी. 'संस्कृती जपण्यासाठी' ही ओळ रात्री साडेनऊला कोणालाही खुर्चीतून उठवत नाही. 'ट्रंकेतल्या सतरा कागदांपैकी खरेदीखत कुठलं ते मला कळावं' ही उठवते. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी राज्यात जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि वर्ग भरले. त्यातले टिकले बहुधा तेच, ज्यांच्या हातात वाचायला ठरावीक कागद होता.

मग पहिलं काम काढा. ते दहा मिनिटांत संपणारं असावं आणि लागणारं सगळं सामान घरात हवं. इथे एक नेहमीचा सापळा आहे. लोक आधी बोरू, दौत, खास शाई आणि चार पुस्तकं आणतात. खरेदी झाली की काम झाल्यासारखं वाटतं, आणि महिन्याभरात शाई सुकते. सुरुवातीला दुरेघी वही, साधं जेल पेन आणि मोडी बाराखडीचा एक तक्ता पुरतो. बोरूची वाट्टेल तेवढी हौस दुसऱ्या तिमाहीत करा.

जर-तरचं वाक्य

पीटर गॉलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जर्मनीतल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक टिपण लिहून ४८ तासांत पाठवायचं होतं. काहींना ते कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच लिहून द्यायला सांगितलं, बाकीच्यांना नाही. पहिल्या गटातल्या सुमारे ७० टक्के जणांनी टिपण वेळेत पाठवलं, दुसऱ्या गटातल्या जेमतेम एक तृतीयांश जणांनी. लिहिण्याची इच्छा दोन्ही गटांत होती. फरक जागा आणि वेळ ठरवण्याचा होता.

वाक्याचा साचा असा: 'अमुक दिसलं किंवा ऐकू आलं, तर मी तमुक करेन.' 'वेळ मिळाला की' ही खूण चालत नाही, कारण वेळ मिळाल्याचा आवाज होत नाही. आपल्या उदाहरणातली चालणारी वाक्यं अशी:

- रात्री जेवणाचं टेबल पुसून झालं, तर त्याच टेबलावर दुरेघी वही उघडून २५ मिनिटं बसेन.
- सकाळी गाडीत 'पुढील स्टेशन ठाणे' ऐकू आलं, तर काल चुकलेली पाच अक्षरं मनातल्या मनात गिरवेन.
- रविवारी मेगाब्लॉकमुळे बाहेर जाणं रद्द झालं, तर सकाळच्या चहानंतर मागचा उतारा वेळ लावून पुन्हा वाचेन.

पहिल्या वाक्यातली खूण टेबल पुसणं आहे, साडेनऊ वाजणं नाही. घड्याळाची खूण मुंबईत टिकत नाही. गाडी उशिरा आली की साडेनऊला तुम्ही अजून दिवा स्टेशनातच असता. आधीच्या कामाच्या शेपटीला नवं काम बांधलं की उशीर झाला तरी साखळी तुटत नाही. टेबल पुसायचं काम घरात दुसऱ्या कोणाचं असेल तर मात्र खूण तुमच्या हातात नाही, ती बदला.

एका वेळी तीनपेक्षा जास्त वाक्यं नकोत. सात-आठ लिहिली की एकही आठवत नाही.

अडथळ्यासाठीही असंच वाक्य हवं. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनाचा धागा असा की नुसतं गोड चित्र रंगवलं तर जोर उलट कमी होतो. चित्राशेजारी आपलाच अडथळा ठेवला तर वाढतो. अडथळा प्रामाणिकपणे लिहा. 'कामाचा ताण' हा अडथळा नाही, ते सर्वसाधारण निमित्त आहे. 'जेवण झालं की सोफ्यावर फोन घेऊन आडवा होतो आणि उठत नाही' हा अडथळा आहे. मग वाक्य होतं: 'ताट उचललं, तर फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावेन आणि मगच टेबलाकडे येईन.' वन रूम किचनमध्ये आतली खोलीच नसते. तिथे फोन फ्रिजवर ठेवा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा, म्हणजे 'फोन वाजतोय' म्हणून कोणी आणून देणार नाही.

कौशल्य: पुन्हा पुन्हा करणं म्हणजे सराव नव्हे

इथे थोडं रेंगाळू, कारण नेटाने बसूनही पुढे न सरकणारी माणसं इथेच अडकतात. रोज अर्धा तास बाराखडी गिरवायची, महिनाभर. अक्षर सुंदर होतं, पण पत्र समोर आलं की दुसऱ्या ओळीवर गाडी थांबते. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर केलेल्या कामातून सरावाची जी व्याख्या पुढे आली, तिच्या मुळाशी हेच आहे: जे येत नाही तेवढंच वेगळं काढायचं, त्यावर काम करायचं आणि चूक लगेच कळेल अशी सोय करायची.

त्यासाठी कौशल्याचे भाग पाडावे लागतात. मोडी वाचण्यात निदान चार वेगळी कामं आहेत.

पहिलं, अक्षर ओळखणं. मोडीत शिरोरेघ आधी ओळभर ओढतात आणि अक्षरं तिला जोडत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे काना-मात्रा लागला की अक्षराचा आकार बदलतो, एकाच 'र'ची रूपं निराळी भेटतात. नुसती मूळ अक्षरं पाठ करून भागत नाही, जोडलेली रूपं पाठ हवीत.

दुसरं, ऱ्हस्व-दीर्घ स्वतः ठरवणं. मोडीत इकार-उकाराचा असा भेद पाळत नाहीत. शब्द ओळखीचा असेल तर अडत नाही. नसेल तर अडतं.

तिसरं, शब्द तोडणं. जुन्या पत्रांत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हं नसतात. देवनागरीतच हे वाचून बघा: 'पत्रपाठविलेतेपावलेमजकूरकळला'. डोळा आधी 'पाठविलेते' वर थबकतो, मग 'तेपा' असा भलताच शब्द करू बघतो. 'पत्र पाठविले, ते पावले, मजकूर कळला' हे सुटायला अक्षरओळख पुरत नाही. पत्रांची ठरावीक वळणं कानात बसलेली लागतात.

चौथं, त्या काळचे शब्द. तारखेच्या जागी 'छ १२ रबिलावल' (रबिलावल या मुसलमानी महिन्याची १२ तारीख) किंवा सालाच्या जागी 'सीत सबैन मया व अलफ' आलं तर प्रत्येक अक्षर बरोबर वाचूनही अर्थ लागत नाही. सालाचे हे शब्द अरबी संख्याशब्द आहेत: सहा, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत चालणारी कालगणना) ११७६, म्हणजेच इसवी सन १७७५-७६. मोडीचा तक्ता इथे काही कामाचा नाही, वेगळी यादी पाठ करावी लागते.

आता २५ मिनिटांची बैठक अशी करा. पहिली ५ मिनिटं कालच्या चुका. पुढची १२ मिनिटं नवा मजकूर, तीन-चार ओळींपेक्षा जास्त नाही. अडलं तरी उत्तर बघायचं नाही, खाली रेघ ओढून पुढे जायचं. शेवटची ८ मिनिटं छापील लिप्यंतराशी ताडून बघायचं. ही आठ मिनिटं कापण्याचा मोह होतो, कारण चुका बघायला कोणालाच आवडत नाही. ती कापली की बैठक नुसती बसण्यापुरती उरते.

प्रत्येक चुकीपुढे एक अक्षर टाका. 'अ' म्हणजे अक्षर ओळखलं नाही, 'त' म्हणजे शब्द चुकीचा तोडला, 'श' म्हणजे शब्दच माहीत नव्हता, 'घ' म्हणजे घाई. आठवड्याच्या शेवटी मोजा. 'अ' जास्त असतील तर सगळी बाराखडी पुन्हा गिरवू नका. सारखी चुकणारी तीन-चार अक्षरंच घ्या, कागदाच्या चिठ्ठ्यांवर त्यांची जोडलेली रूपं काढा आणि पत्त्यांसारखी पिसून ओळखा. 'त' जास्त असतील तर लिप्यंतर झालेली पत्रं मोठ्यांदा वाचा. गाडीत तोंडातल्या तोंडात पुटपुटलात तरी चालतं, शेजारचा हरिपाठ समजेल. 'श' जास्त असतील तर महिने, सालाचे आकडे आणि हिशोबी शब्द, रोज पाच. 'घ' जास्त असतील तर दोष मोडीचा नाही, वेळेचा आहे. त्या दिवशीच्या ताजेपणाचा आकडा काढून बघा. बहुतेक घाईच्या चुका २ आणि त्याखालच्या रात्री सापडतात. मग बैठक सकाळी हलवा किंवा रात्री फक्त उजळणी ठेवा.

पहिल्या आठवड्यातली वही इथे कामाला येते. स्वतःची ओळख वगैरे मोठे शब्द आहेत. रोजच्या व्यवहारात तिचा अर्थ एवढाच, की चूक झाल्यावर 'मला जमतच नाही' म्हणण्याऐवजी 'हा त आहे' असं म्हणता येणं.

खाडा पडला तर

पडणारच. जुलैत रूळ पाण्याखाली जातात, क्वार्टर संपताना ऑफिस उशिरा सुटतं, गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं. २१ दिवसांत सवय लागते हा आकडा सगळीकडे ऐकू येतो, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या पाहणीत एखादी कृती आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागल्याचं आढळलं. कोणाला १८ पुरले, कोणाच्या बाबतीत हिशोब २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, हेही त्याच पाहणीत दिसलं.

बिघाड खाड्यापेक्षा भरपाईने होतो. काल राहिलं म्हणून आज ५० मिनिटं बसायचं ठरवलं की आज बसणंच नकोसं होतं. भरपाई पूर्ण बंद. उलट, वाईट दिवसासाठी तीन मिनिटांचं छोटं रूप आधीच ठरवून ठेवा: वही उघडायची, कालची एक ओळ वाचायची, तारीख टाकायची, मिटायची. सणाचे आणि गावी जाण्याचे दिवस कालनिर्णय बघून महिन्याच्या सुरुवातीलाच खोडून टाका. ठरवून घेतलेली सुट्टी आणि बुडवलेला दिवस यांत नंतर मनाला फार फरक पडतो.

सलग तीन दिवस गेले तर कारण लिहा. चारांपैकी एकच निवडायचं.

विसरलो: खूण कच्ची आहे. वही कपाटात न ठेवता टेबलावर, मिठाच्या डब्याशेजारी ठेवा.

वेळच नव्हता: पहिल्या आठवड्याची नोंद आता जुनी झाली. ऑफिसची वेळ किंवा मुलांची शाळा बदलली असेल. दोन दिवस नव्याने नोंद करा.

जमलं नाही: उतारा आवाक्याबाहेरचा निवडलात. ओळीत चार-पाच शब्दांपेक्षा जास्त अडत असतील तर एक पायरी खाली या.

टाळलं: वेळ होता, आठवणही होती, तरी बसलो नाही. हे लिहायला जड जातं आणि लोक त्याऐवजी 'वेळच नव्हता' लिहितात. टाळण्यामागे आळस असतो असं धरून चालू नका. पुढचं पाऊल धूसर असलं तरी माणूस टाळतो, आणि मागच्या वेळी चुका खूप झाल्या असल्या तरी टाळतो. पहिल्यावर उपाय असा, की बैठक संपवताना उद्याची पहिली ओळ पेन्सिलीने खूण करून ठेवायची. दुसऱ्यावर असा, की पुढचे दोन दिवस येणारा, सोपा उतारा घ्यायचा. दोन्हींनी फरक पडला नाही तर 'का' ची ओळ पुन्हा वाचा. ती आता खरी वाटत नसेल तर काम सोडून द्यायलाही हरकत नाही. पण तारीख टाकून सोडा. अर्धवट लटकत ठेवलेलं काम पुढच्या प्रत्येक ठरावाच्या आड येतं.

रविवारची पंधरा मिनिटं

आठवड्यात किती बैठका झाल्या, कोणत्या प्रकारच्या चुका जास्त, पुढच्या आठवड्यात बदलायची एक गोष्ट. फक्त एक. खूण, वेळ आणि उताऱ्याची पातळी तिन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला हे कळायला मार्ग उरत नाही.

एका माणसाला हिशोब द्या. घरच्यांपेक्षा त्याच वाटेवरचा माणूस बरा. घरचे एकतर फार कौतुक करतात किंवा 'अजून तेच चाललंय का' म्हणतात. रविवारी संध्याकाळी एक फोटो पाठवायचा: लिप्यंतर केलेल्या पानाचा, चुकांच्या खुणांसकट. स्वच्छ पान पाठवायचं नाही. घरात टेबल मिळतच नसेल तर आठवड्यातून एकदा वाचनालयाचा आधार घ्या. १८९८ पासून चालत आलेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरलाच आहे, तुमच्या गाडी बदलण्याच्या वाटेवर. वेळा आणि सभासदत्वाचं आधी विचारून घ्या.

ट्रंक उघडताना

तीन महिन्यांची कसोटी पार झाली की मूळ कागदांकडे वळा, त्याआधी नको. छापील सरावाचं अक्षर शहाणं असतं, घरच्या कागदांवरचं अक्षर एखाद्या घाईतल्या कारकुनाचं असतं. कागद खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात ठेवून फ्लॅश न वापरता फोटो काढा, आणि सराव फोटोवरच करा. घडी कडक झाली असेल तर जोर लावून उलगडू नका. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. जवळ शाईचं पेन नको, पेन्सिल ठेवा.

पहिला कागद सगळ्यात महत्त्वाचा घेऊ नका, सगळ्यात छोटा घ्या. सुरुवातीचा मायना आणि तारीख आधी सोडवा. त्यात लेखकाच्या हाताची दहा-बारा अक्षरं ओळखीची होतात. ती वेगळ्या कागदावर उतरवून त्या हाताचा स्वतंत्र तक्ता करा आणि मग मजकुरात शिरा. जमिनीच्या कामासाठी कागद लागणार असेल तर तुमचं लिप्यंतर घरापुरतं समजा आणि जाणकाराकडून तपासून घ्या. त्याच्याकडे नेताना तुमची प्रतही न्या, न सुटलेल्या शब्दांखाली रेघा ओढून.